नेब्रास्कांतील पहिल्या वसाहतवाल्यांचीं घरें व त्यांचीं छायाचित्रें

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानाच्या इतिहास-मंडळाच्या संग्रहीं सुमारें ३,००० काचेच्या निगेटिव्हांचा एक साठा आहे. त्या काचांवरील चित्रांत राजेरजवाडे नाहींत, सेनापति नाहींत, कीं शहरांतील टोलेजंग वाडेही नाहींत. उघडा माळ, त्यावर मातीचें एक ठेंगणें घर, आणि घरापुढें उभें राहिलेलें अथवा खुर्च्या मांडून बसलेलें एक शेतकरी कुटुंब, एवढाच बहुतेक चित्रांचा विषय आहे. घरधनी, त्याची बायको, लहानमोठीं मुलें, नांगराचे घोडे, दुभती गाय, एखादें कुत्रें. यांपैकीं पुष्कळशीं चित्रें सॉलोमन डी. बुचर या गृहस्थानें १८८६ ते १८९२ या अवधींत कस्टर नांवाच्या एकाच कौंटींत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागांत, गाडीनें हिंडून काढलीं. नवी जमीन मोडून तेथें वस्ती करणाऱ्या शेतकऱ्याचें पहिलें घर कसें होतें, त्याच्यापाशीं काय होतें व काय नव्हतें, हें इतक्या तपशिलानें दाखविणारा दुसरा संग्रह आमच्या पाहण्यांत नाहीं. यास्तव त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

हीं चित्रें नीट समजण्यास आधीं तेथील जमिनीचा कायदा ठाऊक पाहिजे. १८६२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें होमस्टेड कायदा मंजूर केला व तो १ जानेवारी १८६३ पासून अमलांत आला. या कायद्यान्वयें २१ वर्षें पूर्ण झालेल्या मनुष्यास किंवा कुटुंबाच्या कर्त्यास १६० एकर सरकारी जमीन मागतां येई. फी सर्व मिळून सुमारें १८ डॉलर पडे. अट ही कीं, पांच वर्षें त्या जमिनीवर घर करून राहावें व ती लागवडीस आणावी. अविवाहित स्त्रियांसही हा हक्क होता. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब व अर्धा मैल रुंद असा चौकोन होय. आपल्याकडील शेतकरी गांवठाणांत राहतो व सकाळीं शेतावर जातो. पाणवठा, चावडी, देऊळ व शेजारपाजार हीं सर्व हांकेच्या अंतरावर असतात. नेब्रास्कांत कायद्यानेंच घर शेतांत नेऊन ठेविलें. ज्याचें त्याचें घर ज्याच्या त्याच्या चौकोनांत. त्यामुळें गांवठाण असें तेथें उत्पन्नच झालें नाहीं. बुचरच्या चित्रांत माणसांच्या पाठीमागची क्षितिजरेषा अवश्य पाहावी. बहुतेक ठिकाणीं तिच्यावर दुसरें घर नाहीं, झाड नाहीं, कोठें धूरही नाहीं. रात्रीं मूल आजारी पडल्यास त्या घरच्या बाईनें कोणास हांक मारावयाची, हा प्रश्न आमच्या मनांत तीं चित्रें पाहतांना वारंवार आला.

कस्टर कौंटी अडीच हजार चौरस मैलांहूनही मोठी आहे. तिच्या पश्चिम भागांतून शंभरावें रेखावृत्त जातें, आणि अमेरिकेंत कोरडा मुलूख या रेषेच्या आसपास सुरू होतो असें मानितात. पाऊस सरासरीनें वीस ते पंचवीस इंच. नगर-सोलापूरकडील वाचकांस यावरून तेथील शेतीची कल्पना सहज येईल. फरक इतकाच कीं, तेथें हिंवाळ्यांत बर्फ पडतें आणि वारा अडविण्यास डोंगर नाहींत. या मुलुखांत लाकूड नव्हतें, दगड नव्हता, विटा भाजावयास सर्पण नव्हतें. होतें तें फक्त गवत. परंतु तें गवत साधें नव्हे. शेंकडों वर्षें नांगर न लागलेल्या त्या जमिनींत त्याच्या मुळ्यांचें जाळें इतकें घट्ट विणलेलें होतें कीं, मातीची लादी कापून उचलली तरी ती फुटत नसे. त्या लाद्यांचींच घरें झालीं, आणि थट्टेनें त्या मातीस लोक ‘नेब्रास्कांतील संगमरवर’ म्हणूं लागले.

घर बांधण्याची रीत सांगण्याजोगी आहे. जमीन ओली असतांना एका विशेष नांगरानें सुमारें एक फूट रुंदीचे व चार इंच जाडीचे पट्टे न उलथतां सलग कापावयाचे. मग फावड्यानें त्यांचे तीन-तीन फुटांचे तुकडे करावयाचे. अशी एक लादी सुमारें पन्नास पौंड भरे. गवताची बाजू खालीं करून दोन-तीन लाद्यांच्या रुंदीच्या भिंती रचीत जावयाचें; सांधे एकावर एक येऊं द्यावयाचे नाहींत, आणि मधून मधून एक थर आडवा घालून भिंत बांधून घ्यावयाची. हें तंत्र आपल्या गवंड्यांस नवें नाहीं. सोळा फूट रुंद व वीस फूट लांब अशा एका खोलीस अर्ध्या ते एक एकर जमिनीचें कातडें लागे. म्हणजे घर व शेताचा पहिला तुकडा हीं दोन्हीं एकाच नांगरटींत निघत! आढ्यासाठीं मात्र देवदाराच्या जातीचें लांकूड दुरून, दऱ्याखोऱ्यांतून आणावें लागे. आढ्यावर वासे, वाशांवर वाळुंजासारख्या झाडांच्या फांद्या व वाळलेलें गवत, आणि त्यावर पुन्हां मातीच्याच लाद्या. खिडक्यांच्या व दारांच्या चौकटी काय त्या विकत घेतलेल्या.

या घराचे गुण पुष्कळ होते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींमुळें उन्हाळ्यांत आंत गारवा व हिंवाळ्यांत ऊब राही. वणव्याची भीति कमी. वादळास तें दाद देत नसे. दोषही तितकेच मोठे. आपल्याकडे माळवदावर पांढरीची माती पसरून पावसाळ्यापूर्वीं ती चोपतात, व पाणी पन्हाळ्यांतून जातें. तेथील छपरास असा उतारही नव्हता व तशी मातीही नव्हती. मोठा पाऊस झाला कीं छप्पर गळूं लागे, आणि बाहेर उघडलें तरी आंत गळतच राही. वरून माती, उंदीर व कधीं कधीं सापही पडत. म्हणून बायका छताखालीं मांजरपाटाचें कापड ताणून बांधीत. सर्पणास माळावर पडलेल्या वाळक्या शेणी, मक्याचीं बुरकुंडें व पिळलेलें गवत वापरीत. उंच पठारावरील विहिरींस दोनशें फुटांखालीं पाणी लागण्याचीं उदाहरणें आहेत. विहीर होईपर्यंत पाणी पिंपांत भरून गाडीनें मैलोगणती आणावयाचें. असें असूनही कांहीं चित्रांत त्या जाड भिंतींच्या खिडकींत फुलझाडाची कुंडी ठेवलेली दिसते.

आतां चित्रें काढणाराविषयीं. बुचर हा १८५६ सालीं जन्मला व १८८० सालीं बापाबरोबर छपराच्या गाडींतून नेब्रास्कांत आला. बाप शेतकरी म्हणून टिकला. मुलगा टिकला नाहीं. स्वतःच्या नांवें घेतलेली जमीन त्यानें दोन आठवड्यांतच सरकारास परत केली. वैद्यकी शिकावयास गेला, ती सोडली. लग्न करून परत आला, शाळामास्तरकी केली, आणि १८८३ मध्यें मातीच्याच एका घरांत त्यानें कौंटींतील पहिली छायाचित्रशाळा उघडली. ज्या कामांत आपणास पांच वर्षें काढवलीं नाहींत, तें काम इतरजण कसें पार पाडीत आहेत हें लिहून ठेवावें, अशी कल्पना १८८६ सालीं त्याच्या डोक्यांत आली: प्रत्येक घरीं जावें, कुटुंबाचें चित्र घ्यावें, त्यांची हकीकत लिहून घ्यावी, आणि कौंटीचा एक सचित्र इतिहास छापावा. शेतकरी त्यास जेवण व घोड्यांस वैरण देत. कोणी पुस्तकाची वर्गणी देई. सरकारची मदत नाहीं, संस्थेचें पाठबळ नाहीं. नांगर धरण्यास कंटाळलेल्या मनुष्याची टर उडविणें सोपें आहे. परंतु नांगर धरणारांची आठवण जर कोणी जतन केली असेल तर ती याच मनुष्यानें, हें विसरतां येत नाहीं.

त्या काळच्या साधनांनीं अंधाऱ्या मातीच्या घरांत चित्र घेणें कठीण होतें. म्हणून कुटुंब बाहेर येई. आणि बाहेर येतांना आपणास जें जें दाखवावेंसें वाटे तें बरोबर घेऊन येई. या चित्रांचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. हीं चित्रें पूर्वेकडील गांवीं राहिलेल्या आप्तांस पाठविलीं जात. ‘आम्ही येथें बरे आहों’ असें सांगणारें तें पत्रच होतें म्हणाना.

हिल्टन कुटुंबाचें चित्र १८८७ च्या सुमाराचें आहे. घरच्या बाईनें आपली पायपेटी उघड्या अंगणांत आणविली आणि सर्व कुटुंब तिच्याभोंवतीं उभें राहिलें. मातीचें घर चित्रांत येऊं नये ही त्या बाईची इच्छा होती; पायपेटी मात्र यावी. चित्र घेऊन झाल्यावर ती पेटी पुन्हां आंत नेली. भोंवतीं गुरें, मागें उजाड माळ, आणि मध्यें कोरीव लाकडाची ती पेटी, हें दृश्य प्रथम पाहणारास हंसूं येतें. पण आपल्या घरीं पाहुणे येणार म्हटलें म्हणजे आपणही फाटकी घोंगडी आड ढकलून ठेवणीची सतरंजी पुढें पसरतोंच कीं नाहीं?

सिल्व्हेस्टर रॉडिंग याच्या कुटुंबाचें १८८६ चें चित्र याच्या उलट आहे. सार्जंट गांवाच्या उत्तरेस टेकडीच्या उतारांत अर्धवट खोदून केलेलें त्याचें घर. घर इतकें टेकडीस मिळालेलें कीं, मागें चरणारी गाय छपरावरच उभी आहे असें वाटतें. पुढें मेज मांडून त्यावर कलिंगड ठेवलें आहे. हा गृहस्थ यादवी युद्धांत लढलेला शिपाई होता. या घरांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें त्या कुटुंबास वाटलेलें दिसत नाहीं; नव्या जमिनींत कलिंगड आलें, तें सर्वांनीं पाहावें!

क्रिसमन नांवाच्या चार बहिणींचें १८८६ चें चित्रही प्रसिद्ध आहे. मातीच्या एका खोलीपुढें चौघी उभ्या आहेत, शेजारीं खोगीर घातलेले घोडे आहेत. त्यांपैकीं लिझीनें १८८७ मध्यें व ल्यूटीनें पुढील वर्षीं स्वतःच्या नांवें जमिनीची नोंद केली. धाकट्या दोघींस कायद्याचें वय होईपर्यंत थांबावें लागलें. पांच वर्षें राहण्याची अट पुरी व्हावी व एकटेंही राहावें लागूं नये, म्हणून बहिणी आळीपाळीनें एकमेकींच्या घरीं राहत. आपल्याकडे सात-बारावर मुलीचें नांव चढविण्यास अद्यापि किती घरांत नाक मुरडलें जातें हें वाचक जाणतातच.

वेस्टर्विलजवळ जेरी शोअर्स व मोझेस स्पीझ हे दोन भाऊ राहत. दोघेही नीग्रो गुलामगिरींतून सुटलेले. भाऊ असून आडनांवें निराळीं, कारण प्रत्येकानें आपल्या पूर्वींच्या निरनिराळ्या मालकाचें आडनांव घेतलें होतें. होमस्टेड कायदा अमलांत आला त्याच दिवशीं, १ जानेवारी १८६३ रोजीं, अध्यक्ष लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामाही जारी झाला. कालपर्यंत जो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता तो आज स्वतःच्या घरापुढें खुर्ची टाकून बसला आहे, हें त्या चित्रांत दिसतें. चित्रांतील घर मात्र इतरांसारखेंच मातीचें आहे.

परंतु चित्रांत जें नाहीं त्याचाही विचार केला पाहिजे. हा माळ ओसाड होता असें म्हणण्याचा प्रघात आहे, तो खरा नाहीं. नेब्रास्काच्या नदीकांठीं पॉनी नांवाचे मूळचे लोक मक्याची शेती करीत व या प्रदेशांत शिकारीस येत. एकामागून एक तहांनीं त्यांची जमीन गेली, आणि १८७४-७५ च्या सुमारास ते दक्षिणेकडील राखीव मुलुखांत निघून गेले. बुचर आपला कॅमेरा घेऊन निघाला त्यास तेव्हां पुरतीं बारा वर्षेंही झालीं नव्हतीं. ज्या गवताच्या मुळ्यांनीं भिंती उभ्या राहिल्या तें गवत कोणाच्या पायाखालचें होतें, याची खूण कुटुंबांच्या त्या चित्रांत कोठेंच नाहीं.

तसेंच, सर्वच चित्रें जशीं घडलीं तशीं टिपलेलीं नाहींत. गुरांच्या मोठ्या मालकांनीं सरकारी माळास कुंपणें घातलीं होतीं. ब्रायटन रँचचें पंधरा मैलांचें कुंपण १८८५ मध्यें वसाहतवाल्यांनीं तोडलें. तोंडें झांकून तारा तोडणाऱ्या मनुष्यांचें बुचरचें जें चित्र आहे, तें मागाहून मुद्दाम उभें करून घेतलेलें आहे. १८७० नंतरच्या दशकांत टोळधाडीनें पिकें फस्त केलीं, त्या प्रसंगाचें चित्र काढावयाचें तर टोळ कोठून आणावे? त्यानें काचेवरच ते ओरखडून काढले! इतिहासाच्या अभ्यासकानें अशा चित्रास पुरावा समजूं नये. पण म्हातारा शेतकरी जुना प्रसंग हातवारे करून सांगतो, तशी ही सांगण्याची एक तऱ्हा आहे, हेंही ध्यानांत घ्यावें.

पुढें दिवस पालटले. ‘नांगराच्या मागून पाऊस येतो’ असें जमीन विकणारे व कांहीं विद्वानही सांगत असत. १८८० नंतरचीं कांहीं वर्षें ओलीं गेल्यामुळें लोकांस तें पटलेंही. १८९० सालीं अवर्षण पडलें, आणि १८९४ सालीं तर मक्याचें पीक जवळजवळ सर्वस्वीं बुडालें. पुष्कळ कुटुंबें गाडी जुंपून आलीं तशीं परत गेलीं. चित्रांत उभ्या असलेल्यांपैकीं अनेकांचें पुढें असेंच झालें असेल. काचेवरचे चेहरे मात्र अजून पीक यावयाचें आहे अशाच आशेचे आहेत. बुचरचें कामही पैशाअभावीं थांबलें. १२ मार्च १८९९ रोजीं त्याचें घर जळालें, आणि वर्षानुवर्षें लिहून घेतलेल्या हकीकती व छापील चित्रें त्यांत खाक झालीं. काचेच्या निगेटिव्ह घरांत नसून धान्याच्या कोठारांत ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या वांचल्या. हकीकती त्यानें पुन्हां मिळविल्या. स्वेन फिंच नांवाच्या एका जुन्या पशुपालकानें छपाईचा खर्च उचलला, आणि १९०१ सालीं कस्टर कौंटीचा तो इतिहास अखेर बाहेर पडला. १९०४ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. काचांचा सर्व साठा संस्थानच्या इतिहास-मंडळानें पुढें घेतला. त्याची किंमत बुचरच्या हातीं आली ती ६०० डॉलर, म्हणजे त्याच्या अपेक्षेपेक्षां बरीच कमी. मंडळानें कांहीं काळ त्यासच बसवून प्रत्येक चित्रावर नांव, ठिकाण व टीप लिहवून घेतली. आमच्या मतें हें काम खरेदीपेक्षांही मोलाचें झालें. तो १९२७ सालीं वारला.

नांवाचें महत्त्व आमच्या वाचकांस निराळ्या उदाहरणानें कळेल. विल्यम जॉन्सन यांनीं मुंबई इलाख्यांतील लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत माणसें जातीवार मांडलेलीं आहेत. अमुक मनुष्य कोण, कोठला, त्याची जमीन केवढी, हें कळत नाहीं, आणि कित्येक चित्रांत मागचा देखावाही दुसरीकडचा आणून जोडलेला आहे. उलटपक्षीं १८३६ सालीं इंदापुरापासून सुरू झालेल्या जमाबंदी पाहणीच्या कागदांत शेताचा नंबर, क्षेत्र व आकार हें सर्व सांपडतें, पण चेहरा नाहीं. चेहऱ्यास नांव नाहीं व नांवास चेहरा नाहीं, अशी आपल्या पूर्वजांची स्थिति झाली आहे.

आणि नव्या जमिनीवर जाऊन वस्ती करणारे शेतकरी आपल्याकडे झाले नाहींत असें मुळींच नाहीं. सासवडकडील माळी बागाईतदार नीरा कालव्यावर जाऊन राहिले, व पुढें त्यांच्याच उद्योगांतून माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. कोयना धरणाखालीं गांवें गेलेलीं कुटुंबें १९६० च्या सुमारास घरदार सोडून परक्या जिल्ह्यांत जमिनी कसूं लागलीं. या लोकांच्या पहिल्या झोंपडीचें, पहिल्या विहिरीचें, पहिल्या उसाच्या फडाचें एखादें चित्र कोणाच्या ट्रंकेंत, देव्हाऱ्याशेजारच्या चौकटींत किंवा लग्नाच्या अल्बमांत असेल, तर तें बाहेर काढावें. घरांतील वडील माणसें हयात आहेत तोंवर त्यांस शेजारीं बसवून प्रत्येक चेहऱ्याचें नांव, वर्ष, गांव व शक्य तर गट नंबर विचारून घ्यावा, आणि चित्राच्या मागें मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावा. शाई पुढच्या बाजूस उमटते. ओल व वाळवी यांपासून दूर, कोऱ्या कागदांत गुंडाळून ठेवावें. आपल्या सोसायटीच्या कचेरींतील जुन्या समारंभांचीं चित्रेंही याच रीतीनें लावून ठेवण्याजोगीं आहेत.

नेब्रास्कांतील मातीचीं घरें आतां बहुतेक नामशेष झालीं. १८८६ सालीं आगगाडी ब्रोकन बो गांवीं पोंचली, इमारती लाकूड स्वस्त झालें, आणि ज्यास जमेल त्यानें लाकडी घर बांधलें. जुन्या भिंती पावसानें झिजून पुन्हां शेतांत मिळाल्या. आयझडोर हॉमाँट यानें बांधलेलें मातीचें दुमजली घर मात्र १९६७ पर्यंत उभें होतें. चित्रांच्या काचा शाबूत आहेत. अलीकडे इतिहास-मंडळानें संगणकाच्या साह्यानें त्यांच्या अत्यंत सूक्ष्म प्रती करविल्या, तेव्हां एक गोष्ट आढळली. घरांचीं उघडीं दारें चित्रांत नुसतीं काळीं दिसत. आंतील अंधारांत कांहीं उमटलें असेल असें कोणास वाटत नव्हतें. तो काळा भाग संगणकावर उजळून पाहतां त्यांत उंबऱ्याच्या आंतील सामानाच्या आकृति स्पष्ट दिसूं लागल्या.